बसाल का या होडीत?

ज्या पत्राला आपण उत्तर दिलं नाही ते पत्र दिलगीरकाकांना नेमकं दात घासताना आठवायचं. तोंडात फेस, हातात ब्रश, बोलायची सोय नाही, आणि समोर आरशात जो गृहस्थ दिसायचा तोही उत्तर देण्याच्या परिस्थितीत नसायचा.

बाकी सगळ्या पत्रांना त्यांनी उत्तरं दिली होती. उत्तरं देणं हेच त्यांचं पोटापाण्याचं काम. मासेमारीच्या लहान होड्या बनवणाऱ्या एका कारखान्यात, पत्रव्यवहाराच्या खोलीत ते एकटेच बसत. कारखान्याच्या होड्या ज्या ज्या बंदरात जात तिथून तक्रारी येत, आणि काका प्रत्येक तक्रारीला 'आपणांस झालेल्या तसदीबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत' अशी सुरुवात करून कुठंच न पोचणारं पत्र लिहीत. अशी पत्रं लिहिणं वाटतं तितकं सोपं नाही. वाचणाऱ्याला आपलं ऐकून घेतलं असं वाटलं पाहिजे, आणि देणं मात्र काही लागता कामा नये. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. फाटकापासून रंगखात्यापर्यंत सगळे त्यांना दिलगीरकाका म्हणत, आणि हळूहळू ते स्वतःही त्या हाकेला ओ देऊ लागले होते.

ज्या पत्रानं त्यांची अशी पंचाईत केली होती ते अगदी छोटं होतं.

'लिहिणाऱ्यास. पत्राखाली साहेबाची सही असते, पण लिहितो दुसराच कुणीतरी, हे मला कळतं. साहेबाला इतकं शुद्ध येणार नाही. म्हणून तुम्हालाच विचारते. तुमच्या नव्या होडीत तुम्ही स्वतः बसाल का? हो की नाही, एवढंच लिहा. दिलगीर आहोत असं लिहू नका, ते माझ्याकडे भरपूर साठलंय. उत्तर येईपर्यंत मी होडी गिऱ्हाइकाला देणार नाही.'

खाली नुसतं 'मावशी'.

मावशी म्हणजे एका दूरच्या बंदरावरची कारखान्याची डीलर. मोठ्या मालकांच्या काळापासून ती होड्या विकत आली होती. तिच्या दुकानात होडी घ्यायला आलेला माणूस होडीकडे पाहतच नसे, मावशीच्या तोंडाकडे पाही. ती 'घे' म्हणाली की घेई. पण गेल्या हंगामात तिनं 'घे' म्हटलेल्या एका होडीची बैठक भर समुद्रात निखळली आणि दुसऱ्या होडीचं बूड पाझरायला लागलं. सुटे भाग मागवायला तिनं कारखान्याला फोन केला, तर एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज आला. आवाज मोठा गोड. 'आपण आमच्यासाठी मोलाचे आहात' असं सांगून ती जी गायब व्हायची ती पुढच्या फोनला पुन्हा तेच सांगायला हजर. मावशीनं शेवटी तिलाही विचारलं होतं, "तू तरी बसशील का गं बाई?" त्यावर आत संगीत सुरू झालं.

आता मावशीच्या अंगणात एक कोरी होडी उभी होती. एका भावाबहिणीनं ती सांगून ठेवली होती. त्यांची जुनी होडी मोडीत निघाली होती आणि हंगाम तोंडावर आला होता. होडी दिली आणि ती गळली, तर मावशीच्या शब्दाला बंदरावर कुणी विचारणार नव्हतं. नाही दिली, तर कारखाना एजन्सी काढून घेऊन समोरच्या फ्रिजवाल्याला देणार होता. तशी चिठ्ठीही तिला गेली होती, काकांनीच लिहिलेली, अत्यंत दिलगिरीपूर्वक. तो फ्रिजवाला फ्रिज जसे विकायचा तशाच होड्याही विकणार होता. आत काय राहतं आणि बाहेर काय, याची त्याला फिकीर नव्हती.

म्हणजे मावशीचा सगळा जन्मभराचा शब्द काकांच्या एका शब्दावर अडकला होता. आणि काकांना तो शब्द लिहिता येत नव्हता.

त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. 'आपला प्रश्न अत्यंत महत्त्वाचा असून' इथवर ते अनेकदा पोचले. एकदा तर त्यांनी कागदावर नुसतं 'नाही' लिहिलं. त्या दोन अक्षरांकडे ते पाहत राहिले. मग तो कागद बारीक फाडून त्यांनी त्याचे तुकडे कचऱ्याच्या निरनिराळ्या टोपल्यांत टाकले, न जाणो कुणी जुळवले तर! मावशीचं पत्र घरी आणलं आणि जाडजूड शब्दकोशात ठेवून दिलं. आपल्या घरात शब्दकोश आपल्याशिवाय कुणी उघडत नाही, या भरवशावर.

हा भरवसा खरा होता. काकूंनी तो उघडला नाहीच. त्या त्याच्यावर उभ्या राहिल्या. माळ्यावरचा डबा काढायचा होता आणि स्टुलाची उंची थोडी कमी पडत होती. डबा हाताला लागला, शब्दकोश सरकला, काकू कशाबशा सावरल्या आणि पत्र खाली पडलं.

काका घरी आले तेव्हा काकू ते समोर घेऊनच बसल्या होत्या.

"अहो, हे काय?"

"ते... ते कार्यालयीन आहे."

"कार्यालयीन आहे तर माझ्या स्वयंपाकघरात काय करतंय? आणि ही बाई तुम्हाला विचारतेय. हो की नाही."

"अगं, साहेबांच्या परवानगीशिवाय मला धोरणात्मक उत्तर..."

"धोरण गेलं खड्ड्यात. बसाल का?"

"मला पोहता येत नाही," काका पुटपुटले.

"म्हणून तर विचारतेय ती. पोहता येणारा काय, पाटावरपण बसेल."

काकांनी चष्मा पुसला. अडचणीत आले की ते चष्मा पुसत. त्यामुळे त्यांचा चष्मा कारखान्यातली सगळ्यात स्वच्छ वस्तू होती.

"पूर्वी असतं तर बसलो असतो," ते शेवटी म्हणाले. "भुसा उडायचा तेव्हा."

भुसा उडण्याची गोष्ट काकूंना ठाऊक होती. सगळ्या गावाला ठाऊक होती. मोठ्या मालकांच्या वेळी कारखान्यातून बाहेर पडणारी प्रत्येक होडी आधी मागच्या हौदात सोडत. तिच्या तळाशी लाकडाचा बारीक कोरडा भुसा पसरत, वर वाळूची पोती ठेवत आणि सगळे जेवायला जात. जेवण झालं की अख्खा कारखाना हौदाभोवती जमे. मिस्त्री होडीत उतरे, गुडघे टेके आणि तळावर फुंकर मारी. भुसा उडाला की सगळे एका आवाजात ओरडत, "उडाला!" आणि होडी पास. भुसा बसून राहिला की होडी परत आत. पुढं लाकूड जाऊन फायबर आलं, कारखान्यात औषधालाही भुसा मिळेना, तर मालक तो बाहेरच्या सुताराकडून मागवत. पण फुंकर चुकली नाही.

मग मालक थकले आणि त्यांचे जावई साहेब झाले. त्यांना तोंडावर सगळे साहेब म्हणत आणि पाठीमागं जावईबापू. आधी त्यांचा प्लास्टिकच्या खुर्च्यांचा कारखाना होता. खुर्ची जमिनीवर असते, ती गळली तरी कुणाला कळत नाही, त्यामुळे गळण्याचा त्यांना अनुभव नव्हता. त्यांनी आल्या आल्या फायबरचे थर कमी केले. तळपट्टीचे स्क्रू होडीच्या तळातून आरपार जात, पाणी अडवायला त्यांच्या बुडाशी गोंद भरत असत, तो वाचवला. फुंकर तर त्यांनी पहिल्याच आठवड्यात बंद केली. "एक माणूस पगार घेऊन फुंकतो?" असं ते म्हणाले आणि मिस्त्रीला फाटकावर बसवलं, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. फुंकरीच्या जागी आता 'तपासले' असा शिक्का होता. शिक्का रबरी होता आणि कधीच गळत नव्हता.

"मग हे साहेबांना सांगा," काकू म्हणाल्या.

"मी? सांगू?" काका म्हणाले. साहेबांसमोर ते 'आत येऊ का' एवढंच बोलत, आणि तेही बरेचदा आत गेल्यावर.

"बरं, सांगू नका. हे काय लिहिताय मग?" काकूंनी टेबलावरचे कागद ओढले.

ते साहेबांचं भाषण होतं. वर्षातून एकदा सगळ्या डीलरांना कारखान्यात बोलावत. जेवण, भाषण, हस्तांदोलन आणि एक पेन. भाषण काकाच लिहीत.

"साहेब हे आधी वाचतात का?"

"प्रत्येक पानावर सही करतात."

"सही नव्हे. वाचतात का?"

"माझं लिहिलेलं शेवटपर्यंत कोण वाचतंय," काका म्हणाले, आणि त्यात तक्रार नव्हती, नुसती नोंद होती. "मागं एकदा एका पत्राच्या शेवटी माझ्या हातून घरचं सामान लिहिलं गेलं. तू सांगितलं होतंस ना, साबण आणि मेणबत्त्या. मसुदा तसाच गेला. साहेबांनी सही केली."

"आणि?"

"डीलरचं उलट पत्र आलं. होडी मिळाली, साबण मिळाला नाही."

काकू पदराआड नव्हे, चांगल्या तोंड उघडून हसल्या. हसता हसता एकदम थांबल्या. त्यांचे डोळे बारीक झाले. लग्नानंतर इतक्या वर्षांत हे डोळे बारीक झाले की काकांची पाचावर धारण बसे.

"म्हणजे डीलर शेवटपर्यंत वाचतात," त्या म्हणाल्या, "आणि साहेब वाचत नाहीत. घ्या पेन."

"अगं पण..."

"घ्या म्हणते ना. तुम्हाला कुठं बोलायचंय? बोलणार साहेब. तुम्ही फक्त लिहा. तेवढं तर येतं ना तुम्हाला?"

हा टोमणा वर्मी लागला. काकांनी पेन घेतलं. काकू सांगत गेल्या, काका त्याचं शुद्ध भाषेत रूपांतर करत गेले. पुढं कार्यालयात भाषणाची स्वच्छ प्रत काढताना मात्र काका एका वाक्यापाशी बराच वेळ थांबले. इकडंतिकडं पाहिलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतंच, पण त्यांना सवय होती. मग त्यांनी त्या वाक्यात काकूंनी न सांगितलेला एक शब्द घातला आणि घाईघाईनं पुढं गेले, एखाद्याच्या खिशात चिठ्ठी सरकवावी तसे.

साहेबांनी फोनवर बोलता बोलता पानापानावर सह्या केल्या.

संमेलनाच्या सकाळी काका फाटकापाशी गेले. मिस्त्री एका पोत्यावर बसून गाड्यांचे नंबर लिहीत होता. लिहीत म्हणजे सकाळी एकदाच मनानं सगळे लिहून टाकत असे.

"मिस्त्री, मागचा हौद जरा भरून ठेवता का?"

"त्यात मोडक्या खुर्च्या आहेत."

"त्या काढून."

"कशाला हो?"

"शोभेला," काका म्हणाले.

मिस्त्रीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "कुणाच्या?"

काका चष्मा पुसत निघून गेले. मिस्त्री उठला आणि पाण्याचा नळ शोधायला लागला. बऱ्याच दिवसांनी तो शीळ घालत होता.

थोड्या वेळानं फाटकातून एक टेम्पो आत आला. त्याच्यावर दोरानं आवळलेली एक कोरी होडी आणि ड्रायव्हरच्या शेजारी मावशी. ठेंगणी, रुंद, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ती खाली उतरली आणि व्हरांड्यात कागद छातीशी धरून उभ्या असलेल्या काकांपाशी सरळ चालत आली. ओळख करून द्यायची गरज पडली नाही.

"तुम्हीच ते दिलगीर?"

"मी... हो. म्हणजे, आपण कसं ओळखलंत?"

"तुमचं तोंडच तसं आहे. माझं उत्तर?"

"ते... विचाराधीन आहे."

"असू दे. होडी परत आणलीय. आज उत्तर मिळालं तर बरं. नाहीतर होडी इथंच टाकते आणि एजन्सीची पाटीपण तिच्यातच टाकून जाते. द्या मग त्या फ्रिजवाल्याला. ती दोघं भावंडं माझ्या दारात येऊन बसलीत. त्यांना काय सांगू मी? संगीत ऐकवू?"

काकांनी छातीशी धरलेले कागद सावरले आणि एवढंच म्हणाले, "भाषण... भाषण जरूर ऐका. शेवटपर्यंत."

तंबूत खुर्च्या मांडल्या होत्या, साहेबांच्याच जुन्या कारखान्यातल्या. डीलर त्यांच्यावर जपून बसले. साहेब नवे करकरीत बूट घालून मंचावर आले. पहिली तीन पानं त्यांनी झोकात वाचली. ती पानं अशी होती की डीलरांतले निम्मे डुलक्या घ्यायला लागले. काकांनी ती तशीच लिहिली होती, आणि त्यासाठी त्यांना वेगळे कष्ट पडले नव्हते. चौथं पान आलं.

"'...परंतु दर्जा हा बोलण्याचा विषय नसून अनुभवण्याचा आहे,'" साहेब वाचत होते, "'आणि म्हणूनच आज मी केवळ बोलून थांबणार नाही. कारखान्याची जुनी भुशाची परंपरा पुन्हा सुरू करून, उपस्थित डीलरांनी निवडलेल्या, गिऱ्हाइकासाठी सज्ज असलेल्या कोणत्याही होडीत मी स्वतः, पत्रलेखनिकासह, बसेन, आणि या भाषणाचा उर्वरित भाग तिथूनच...'"

इथं साहेबांना आपण काय वाचतोय ते ऐकू आलं. पण उशीर झाला होता. सगळ्या डुलक्या एका फटक्यात उडाल्या होत्या. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. साबण न मिळालेला डीलर तर उभा राहूनच वाजवत होता.

"माझी होडी आहे," मावशी मागून ओरडली. "टेम्पोवर! 'तपासले' असा शिक्कापण आहे!"

मागच्या रांगेत काकू बसल्या होत्या. जेवण वाढण्यावर देखरेख म्हणून आल्या होत्या. 'पत्रलेखनिकासह' हा शब्द त्यांनी सांगितलेला नव्हता. त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. काकांनी नजर चुकवली. त्यांचे कान लाल झाले होते.

साहेब शहाणे होते. इतक्या लोकांसमोर नाही म्हटलं तर नाही हेच उत्तर होतं. ते हसले, दात दिसण्यापुरते, आणि म्हणाले, "चला."

आठ-दहा जणांनी होडी उचलून हौदात सोडली. हौद छातीएवढाच खोल होता, पण काकांना तो समुद्र वाटत होता. मिस्त्री फाटकावरून आला. काखेत तेच पोतं, ज्याच्यावर तो इतके दिवस बसला होता. ते उघडून त्यानं तळाशी भुसा पसरला. कोरडा, बारीक, नीट चाळलेला. जुने डीलर एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले.

साहेब मधल्या बैठकीवर बसले. काका समोर, कागद घेऊन. मिस्त्री मागं.

"वाचा, साहेब," मावशी हौदाच्या कठड्यावर बसत म्हणाली. "निवांत वाचा. घाई नाही कुणाला."

साहेब वाचू लागले. काका एकेक पान देत होते. वाक्यं लांब होती, त्यांना शेपट्या होत्या, शेपट्यांना पुन्हा शेपट्या. साहेब एका वाक्यात शिरत ते बाहेर येईस्तो तळाशी भुशाचा रंग बदललेला असे. आधी कडेनं गडद झाला. मग मधे ठिपके पडले. मग तळपट्टीच्या स्क्रूंपाशी इवलाले झरे दिसायला लागले.

"काका," साहेब ओठ न हलवता कुजबुजले, "अजून किती पानं आहेत?"

"दोन, साहेब. मी जरा पाल्हाळिक लिहितो."

"गाळता येणार नाही काही?"

"होडी तेवढंच करतेय, साहेब," मागून मिस्त्री म्हणाला.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं आणि ते बहुधा पायाशी येऊन साठलं, कारण नव्या बुटांच्या नाड्या आता तरंगत होत्या. काकांनी आपले पाय वर घेतले, मग लाज वाटून पुन्हा खाली ठेवले. पाणी गार होतं. गंमत म्हणजे त्यांना वाटली होती तेवढी भीती वाटत नव्हती. हे पत्राचं उत्तरच चाललंय आणि ते आपण पायानं लिहितोय, असं काहीसं त्यांच्या मनात आलं.

"दर्जाचं पान आलं का हो?" मावशीनं विचारलं.

"'आमच्या होड्यांचा दर्जा,'" साहेब मोठ्यानं वाचू लागले, "'हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या विश्वासावर भक्कमपणे उभा...'" आणि जोर येण्यासाठी ते किंचित पुढं झुकले. बैठकीचा स्क्रू बारीकसा कुरकुरला. बैठक निघाली. साहेब भक्कमपणे खाली बसले, पाण्यात, भुशाच्या चिखलात, कमरेपर्यंत.

कुणी हसलं नाही. सगळे मिस्त्रीकडे पाहत होते. मिस्त्रीनं टोपी काढली, साहेबांच्या शेजारी गुडघे टेकले, दोन्ही हात मागं घेतले आणि पूर्वीसारखी, लांब, मनापासून, एक फुंकर मारली. पाण्यावर एक तरंग उठला. तो साहेबांच्या टायपर्यंत जाऊन परत आला.

"बसला," मिस्त्री म्हणाला.

मग मात्र मावशी हसली. तिचं हसणं कमरेच्या किल्ल्यांपासून सुरू झालं आणि हौदाभोवती फिरून आलं, वाटेत जो जो भेटला त्याला घेऊन.

अर्ध्या तासानं साहेब आपल्या खोलीत टॉवेल गुंडाळून बसले होते. समोर काका, ओल्या विजारीत.

"हे तुम्ही लिहिलंत?"

काकांच्या मनात 'सदर मजकुराचा मसुदा' अशी सुरुवात झाली होती. पण पायमोजे ओले असले की लांब वाक्यं सुचत नाहीत.

"हो," ते म्हणाले.

"मला बुडवायला?"

"नाही. सही तुमची आहे, साहेब. पानापानावर." ते थांबले. "मला वाटलं होतं, तुम्ही वाचाल. निदान चौथं पान."

साहेबांनी ओले कागद उलगडले आणि, त्या खोलीतल्या भिंतींच्या आठवणीत पहिल्यांदाच, काकांचं लिहिलेलं शेवटपर्यंत वाचलं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की प्रत्येक होडीवर पुन्हा फुंकर मारली जाईल, स्क्रूच्या बुडाशी गोंद भरला जाईल आणि डीलरांचा फोन माणूस उचलेल. हौदात वाचन तिथवर पोचलंच नव्हतं, बैठक आधी तळाला पोचली होती.

"हे मी म्हणणार होतो?"

"तुम्ही म्हणालात असंच सगळे समजतायत. शेवटची पानं मावशींनी बाहेर मोठ्यानं वाचून दाखवली. माझ्याकडची कच्ची प्रत त्यांनी... घेतली." खरं तर ती काकूंनी नेऊन दिली होती, पण काका घरच्या माणसाचं नाव कार्यालयात काढत नसत.

साहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात डीलर घोळक्यानं उभे राहून एकमेकांचे फोन पाहत होते. त्या सगळ्या फोनांत साहेब निरनिराळ्या बाजूंनी बसत होते. नाही म्हणायला आता जागाच उरली नव्हती.

"मिस्त्रीला फाटकावरून बोलवा," साहेब म्हणाले. "आणि ह्यापुढं तुम्ही लिहिलेलं मी सगळं वाचणार. एक अक्षर सोडणार नाही."

"ही शिक्षा मला की तुम्हाला, साहेब?" असं काकांना विचारायचं होतं. पण एका दिवसात एवढं पुरे, असा विचार करून ते फक्त "बरं" म्हणाले.

दारात मावशी उभी होती.

"माझी होडी दुसरी बनवून द्यायची. भुसा उडाल्याशिवाय हलवायची नाही. मी इथंच थांबते, बहीण राहते माझी गावात. आणि हो," ती काकांकडे वळली, "माझं उत्तर?"

"अहो मावशी, आता तर तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत!"

"मी पाहिलं. त्या भावंडांनी कुठं पाहिलं? मला लेखी पाहिजे. पत्र पोस्टानं पाठवलं होतं, उत्तरपण पोस्टानंच येऊ दे."

कारखान्यातल्या लोकांचा हात पुन्हा वळणावर यायला थोडे दिवस लागले. थर पुरे घातले गेले, गोंद भरला गेला, बैठकीला स्क्रूऐवजी बोल्ट आले. नवी होडी हौदात उतरली. मिस्त्रीनं भुसा पसरला आणि वाळूच्या पोत्यांकडे पाहून मान हलवली.

"पोती नकोत आज. काका बसतील."

"मी? जेवणाच्या सुट्टीभर?"

"उत्तर द्यायचंय ना तुम्हाला? मग बसून द्या."

काका बसले. काकूंनी डबा होडीतच दिला. त्यांनी पहिले काही घास डोळे मिटून खाल्ले, मग एक डोळा उघडला, मग पुस्तक काढलं. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तेव्हा ते इतके वाचनात गुंतले होते की मिस्त्रीला त्यांचे पाय उचलून बाजूला करावे लागले. अख्खा कारखाना हौदाभोवती उभा होता. साहेबही होते, मात्र जुन्या बुटांत. मिस्त्रीनं गुडघे टेकले. फुंकर मारली.

भुसा उडाला. काकांच्या चष्म्यावर, पुस्तकात, डब्याच्या झाकणात.

"उडाला!" सगळे ओरडले. मावशी सगळ्यांत मोठ्यानं. त्याच दुपारी होडी टेम्पोवर चढली आणि मावशी तिच्याबरोबर आपल्या बंदराकडे गेली. जाताना टेम्पोच्या खिडकीतून तिनं बोट दाखवून बजावलं, "पत्र!"

ते पत्र काकांनी घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिलं. कोरा कागद बराच वेळ समोर होता. 'दि' हे अक्षर दोनदा पेनाच्या टोकाशी येऊन परत गेलं. मग त्यांनी लिहिलं:

'मावशी. तुम्ही परत आणलेल्या होडीत बसलो. पुन्हा बसणार नाही. आता नेलेल्या होडीत बसलो, तीत पुन्हा बसेन. मला पोहता येत नाही. त्या दोघा भावंडांना हे दाखवा.'

खाली साहेबांच्या सहीची जागा त्यांनी सवयीनं सोडली होती. ती पाहून ते जरा घुटमळले आणि तिथं त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. खरं, पगारपत्रकातलं.

काकूंनी कागद हातात घेऊन वाचला. नावापाशी थांबल्या.

"हे गृहस्थ कोण?"

"अगं..."

"नाही, चांगलं लिहितात हो. थोडक्यात लिहितात. ओळख करून द्या कधीतरी."

दोघं मिळून कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत गेले. काकांनी पाकीट पेटीच्या तोंडात अर्धं सरकवलं, परत काढलं, पत्ता पुन्हा वाचला, तिकीट अंगठ्यानं दाबून पाहिलं, पुन्हा अर्धं सरकवलं.

"अहो, आत काय भुसा पसरलाय का?" काकू म्हणाल्या, आणि त्यांनी त्यांच्या कोपराला हलकेच धक्का दिला.

पाकीट आत पडलं.